इस्लामची सुरुवात आणि मूळ श्रद्धा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरी जिल्ह्यातली, घरात कोकणी बोलणारी आणि शाळा पूर्ण मराठीतून शिकलेली मुसलमान बाई. पुण्यात नोकरीला लागल्यापासून दर रमजानला लंच टाइममध्ये तेच प्रश्न येतात, पाणी पण नाही का, काबामध्ये आत काय आहे, तुमचे देव कोण. विचारणाऱ्याला खरंच जाणून घ्यायचं असतं आणि मलाही सांगायला आवडतं, पण अर्ध्या तासात काय काय सांगणार, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. मी आलिमा म्हणजे धर्माची रीतसर शिकलेली जाणकार नाही. लहानपणी संध्याकाळी मदरशात जे शिकले आणि नंतर स्वतः वाचून जे कळलं ते लिहितेय, आणि जिथे आमच्यातच मतभेद आहेत तिथे तसं स्पष्ट म्हटलंय.

वाचताना एकच शब्द लक्षात ठेवा, तौहीद. तो नीट कळला की खालच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

तौहीद म्हणजे काय?

अल्लाह एकच आहे, त्याच्यासारखा दुसरा कोणी नाही आणि त्याच्याशिवाय कोणाचीही इबादत म्हणजे भक्ती करायची नाही, याला तौहीद म्हणतात. कुराणात ११२ वी सूरह म्हणजे अध्याय आहे, सूरह इख्लास, फक्त चार ओळींची, आमच्यातल्या लहान पोरांना पण पाठ असते. अर्थ साधारण असा की सांगा, तो अल्लाह एक आहे, तो कोणावर अवलंबून नाही आणि सगळे त्याच्यावर अवलंबून आहेत, त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि त्याला कोणी जन्म दिला नाही, आणि त्याच्या बरोबरीचं कोणी नाही. संपली सूरह. माझ्या मते पूर्ण इस्लाम या चार ओळींत बसतो आणि बाकीचं सगळं या चार ओळी रोजच्या जगण्यात कशा आणायच्या त्याबद्दल आहे. याच्या उलट म्हणजे शिर्क, अल्लाहच्या बरोबरीने कोणालातरी बसवणं, आणि इस्लाममध्ये याच्याहून मोठं पाप नाही.

मग अल्लाह हा मुसलमानांचा वेगळा देव आहे का?

नाही. अल्लाह हा अरबी शब्द आहे, अर्थ ‘तो एकमेव ईश्वर’. अरबी बोलणारे ख्रिश्चन पण प्रार्थनेत अल्लाहच म्हणतात, त्यांच्या अरबी बायबलमध्ये पण हाच शब्द आहे. आमचं म्हणणं असं की सगळ्या जगाला निर्माण करणारा एकच, तो कुठल्या एका जमातीचा नाही. कुराणाची पहिलीच सूरह, फातिहा, त्याला ‘सगळ्या विश्वांचा पालनहार’ म्हणते. त्याची ९९ नावं सांगतात आणि त्यातली सगळ्यात जास्त तोंडात येणारी दोन म्हणजे रहमान आणि रहीम, दोन्हींचा अर्थ दया करणारा.

इस्लाम या शब्दाचा अर्थ काय?

स-ल-म या अरबी धातूपासून आलाय, सलाम पण त्यातलाच. इस्लाम म्हणजे स्वतःला अल्लाहच्या स्वाधीन करणं आणि मुस्लिम म्हणजे तसं करणारा. माणसाच्या नावावरून या धर्माचं नाव ठेवलेलं नाही हे मला महत्त्वाचं वाटतं. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ‘मोहमेडन’ लिहायचे, ते चूक होतं कारण आम्ही मुहम्मदांची भक्ती करत नाही.

इस्लाम कधी सुरू झाला?

याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही माहीत असलेली बरी. मुसलमान म्हणतो की पहिला माणूस आदम, तोच पहिला पैगंबर, म्हणजे एका ईश्वराला मानायची ही वाट तेव्हापासूनची, नंतर नूह, इब्राहिम, मूसा, ईसा (येशू) असे पैगंबर येत राहिले आणि मुहम्मद त्यातले शेवटचे. इतिहासाच्या हिशोबाने बघितलं तर सुरुवात इ.स. ६१० मध्ये, मक्केत.

तेव्हाची मक्का डोळ्यासमोर आणा. आजूबाजूला कोरडे डोंगर, शेती नाही, जगणं सगळं व्यापारावर आणि काबा या पवित्र इमारतीला येणाऱ्या यात्रेकरूंवर. वरच्या बाजूला रोमन म्हणजे बायझंटाइन आणि इराणचे सासानी अशी दोन मोठी साम्राज्यं एकमेकांशी लढत होती, आणि अरबस्तानात मात्र राजा असा कोणी नाही, टोळी हीच सगळं काही. तुमच्या मागे टोळी असेल तर तुमचा जीव सुरक्षित, नसेल तर कोणीही मारावं. काबामध्ये आणि आजूबाजूला शेकडो मूर्ती होत्या, ३६० असा आकडा सांगतात, हुबल, लात, उझ्झा, मनात ही त्यातली मोठी नावं. अल्लाह त्या लोकांना माहीत नव्हता असं नाही बरं का, सगळ्यात मोठा देव म्हणून मानायचेच, पण रोजच्या कामाला बाकीचे. काही घरांत मुलगी झाली की तिला जिवंत पुरायचे. कुराणात कयामतच्या म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या दिवसाचं वर्णन करताना त्या पुरलेल्या मुलीला विचारलं जाईल की तुला कुठल्या गुन्ह्यासाठी मारलं, अशी आयत म्हणजे ओळ आहे. मी स्वतः एका मुलीची आई आहे आणि ती आयत वाचताना अजून गळा भरून येतो.

मुहम्मद पैगंबर कोण होते?

जन्म साधारण इ.स. ५७० मध्ये, मक्केतल्या कुरैश टोळीच्या हाशिम घराण्यात. घराणं मानाचं पण नशिबी पोरकेपण. वडील अब्दुल्लाह जन्माच्या आधीच वारले, सहा वर्षांचे असताना आई आमिना गेली, मग आजोबांनी सांभाळलं तर दोन वर्षांत ते पण गेले, आणि शेवटी काका अबू तालिब यांनी वाढवलं. लहानपणी बकऱ्या चारल्या, मोठे झाल्यावर व्यापाराच्या तांड्यांबरोबर सीरियाकडे जायला लागले. व्यवहार इतका चोख की लोक ‘अमीन’ म्हणायचे, म्हणजे विश्वासू.

खदिजा नावाच्या एक विधवा व्यापारी बाई होत्या, त्यांनी आपला माल घेऊन यांना पाठवलं, काम बघितलं, आणि लग्नाचा निरोप त्यांनीच पाठवला. यांचं वय २५ आणि परंपरेनुसार त्यांचं ४०. त्या असेपर्यंत पैगंबरांनी दुसरं लग्न केलं नाही. (मुहम्मद नावापुढे स. लिहिलेलं असतं ते ‘त्यांच्यावर अल्लाहची कृपा आणि शांती असो’ या अरबी दुआचं छोटं रूप. आम्ही नाव घेतलं की ती मनात म्हणतो, इथे प्रत्येक वेळी लिहिलं नाही.)

हिरा गुहेत काय घडलं?

चाळिशीला आल्यावर ते मक्केजवळच्या डोंगरावर हिरा नावाच्या गुहेत एकटे जाऊन बसायला लागले, कधी कधी कित्येक दिवस. ६१० च्या रमजानमधल्या एका रात्री जिब्रईल फरिश्ता समोर आला आणि म्हणाला, इक्रा, म्हणजे वाच. हे म्हणाले मला वाचता येत नाही. त्याने छातीशी घट्ट आवळलं, सोडलं, परत म्हणाला वाच. असं तीनदा झालं आणि मग पहिल्या पाच आयती उतरल्या, ज्यात माणसाला लेखणीने शिकवणाऱ्या, त्याला माहीत नव्हतं ते शिकवणाऱ्या ईश्वराबद्दल आहे. धर्माची सुरुवात ‘वाच’ या शब्दाने झाली हे मी माझ्या मुलीला अभ्यासाला बसवताना नेहमी सांगते.

आणि पुढचं ऐका. ते घाबरून थरथरत घरी आले आणि बायकोला म्हणाले मला पांघरूण घाला. खदिजांनी पांघरूण घातलं आणि धीर दिला की अल्लाह तुम्हाला कधी लाजवणार नाही, तुम्ही नाती जपता, दुबळ्यांचं ओझं उचलता, पाहुण्याला जेवू घालता. या धर्मावर सगळ्यात आधी विश्वास ठेवणारी व्यक्ती एक बाई होती. माझ्या आजीला ही गोष्ट सांगायला फार आवडायची आणि इथे आली की ती दर वेळी थोडा वेळ थांबायची.

मक्केच्या लोकांनी इतका विरोध का केला?

धर्म हे एक कारण झालं, पण पोटाचं पण होतं. काबातल्या मूर्तींमुळे यात्रेकरू यायचे आणि यात्रेकरूंमुळे बाजार चालायचा. त्यात हा माणूस सांगतोय की देव एक, गुलाम आणि मालक त्याच्यापुढे सारखे, अनाथाचा माल खाऊ नका, वजनात मारू नका, मेल्यावर हिशोब द्यावा लागेल. मोठ्यांना झोंबणारच.

मार खाल्ला तो गरिबांनी, कारण त्यांच्या मागे टोळी नव्हती. बिलाल हे हबशी गुलाम, त्यांना भर उन्हात तापलेल्या वाळूवर झोपवून छातीवर दगड ठेवायचे, ते ‘अहद, अहद’ म्हणत राहायचे, म्हणजे एकच, एकच. (तौहीद लक्षात आहे ना?) पैगंबरांचे जवळचे साथीदार अबू बकर यांनी पैसे भरून त्यांना सोडवलं आणि पुढे हेच बिलाल पहिली अजान देणारे झाले. सुमय्या नावाच्या बाईंना तर मारूनच टाकलं, इस्लामच्या पहिल्या शहीद त्याच. ६१५ च्या सुमारास काही जण समुद्र ओलांडून हबशा म्हणजे आजच्या इथिओपियाकडे गेले आणि तिथल्या ख्रिश्चन राजाने, नजाशीने, त्यांना आसरा दिला. मग हाशिम घराण्यावर बहिष्कार पडला, आणि ६१९ मध्ये खदिजा आणि अबू तालिब दोघंही गेले, त्या वर्षाला दुःखाचं वर्षच म्हणतात.

हिजरत म्हणजे काय?

६२२ मध्ये पैगंबर मक्का सोडून उत्तरेला यसरिबला गेले ती हिजरत. तिथल्या औस आणि खजरज या दोन टोळ्या आपापसात लढून थकल्या होत्या, त्यांना निवाडा करणारा कोणी हवा होता म्हणून बोलावणं आलं. इकडे मक्केत मारायचा कट ठरला, चुलत भाऊ अली त्यांच्या बिछान्यावर झोपले आणि हे अबू बकर यांच्याबरोबर निघाले, तीन रात्री सौर गुहेत लपले. वाट दाखवायला जो माणूस घेतला होता तो मुसलमान नव्हता, तरी त्याने इमानाने पोचवलं. हे फार कमी लोक सांगतात म्हणून मी मुद्दाम सांगते.

यसरिबचं मग मदिना झालं. खजुराची खोडं आणि कच्च्या विटांची मशीद बांधली. मक्केहून आलेल्या प्रत्येकाला मदिनेतल्या एका घराशी भावाच्या नात्याने जोडून दिलं आणि शहरातल्या टोळ्यांचा, त्यात यहुदी पण आले, एक लेखी करार झाला. आमचं कॅलेंडर याच वर्षापासून मोजतात. पैगंबरांचा जन्म किंवा पहिली आयत हे निवडता आलं असतं, पण पुढे खलिफा म्हणजे पैगंबरांनंतरचे पुढारी, त्यातले उमर यांच्या काळात ठरलं ते हिजरतचं वर्ष, कारण तिथून मुसलमानांचा एक समाज उभा राहिला.

मग लढाया?

झाल्या. बद्र ६२४ मध्ये, साधारण ३१३ मुसलमान आणि समोर मक्केचे हजारच्या आसपास, तरी जिंकले. पुढच्या वर्षी उहुदला मार खाल्ला, ६२७ मध्ये मदिनेभोवती खंदक खणून शहर वाचवलं. मदिनेतल्या यहुदी टोळ्यांशी झालेले संघर्ष हा या काळातला सगळ्यात जड भाग आहे, दोन टोळ्यांना शहर सोडावं लागलं आणि बनू कुरैझा या तिसऱ्या टोळीच्या पुरुषांना कराराच्या भंगाबद्दल मृत्युदंड झाला असं जुन्या चरित्रांत आहे, अभ्यासकांचे त्यावर वाद आहेत आणि मी ते लपवणार नाही.

६३० मध्ये दहा हजारांची फौज घेऊन ते मक्केत आले आणि लढाई जवळजवळ झालीच नाही. वीस वर्षं ज्यांनी छळलं ते सगळे समोर उभे, आणि मोजके अपवाद सोडून सगळ्यांना माफी. मूर्ती काढल्या, बिलाल काबावर चढले आणि अजान दिली. दोन वर्षांनी, ६३२ मध्ये, मदिनेत पैगंबर वारले.

तुम्ही मुहम्मदांची पूजा करता का? त्यांचे फोटो का नसतात?

प्रेम करतो, जिवापाड करतो, पण पूजा नाही. ते स्वतःच्या चपला स्वतः शिवायचे, घरकामात हात लावायचे. त्यांचा छोटा मुलगा इब्राहिम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं, लोक म्हणायला लागले की पैगंबरांच्या दुःखाने सूर्य झाकला, तर त्यांनी लगेच सांगितलं की सूर्य-चंद्राला कोणाच्या मरणाने किंवा जन्माने ग्रहण लागत नाही. पोटचं पोर गेलेला बाप हे बोलतोय. ते वारले तेव्हा लोकांना खरं वाटेना, तेव्हा अबू बकर उठून म्हणाले की जो मुहम्मदांची भक्ती करत होता त्याने समजून घ्यावं की मुहम्मद वारले, आणि जो अल्लाहची करतो त्याने समजावं की अल्लाह जिवंत आहे. चित्र नको त्याचं कारण पण हेच, आज चित्र लावलं की उद्या त्याला हार घालतील.

कुराण कोणी लिहिलं?

आमची श्रद्धा की ते अल्लाहचे शब्द, जिब्रईलमार्फत पैगंबरांवर २३ वर्षांत थोडे थोडे उतरलेले. पैगंबर लिहीत नव्हते, लोक पाठ करायचे आणि कातडं, हाडं, खजुराच्या फांद्या असं मिळेल त्यावर लिहून ठेवायचे. ते वारल्यावर एका लढाईत पाठ असलेले बरेच जण मारले गेले म्हणून अबू बकर यांनी झैद बिन साबित यांच्याकडून सगळं गोळा करवलं, आणि तिसरे खलिफा उसमान यांनी एक प्रमाण प्रत करून ठिकठिकाणी नकला पाठवल्या. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात कुराणाची दोन जुनी पानं आहेत, त्यांच्या कातड्याची कार्बन तपासणी केली तर काळ ५६८ ते ६४५ निघाला.

एकूण ११४ सूरह आहेत आणि वाचायच्या सोयीसाठी ३० पारे म्हणजे भाग. गोष्टीसारखं पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचायला गेलात तर गोंधळ होईल, कारण मांडणी काळानुसार नाही, साधारण मोठ्या सूरह आधी आणि छोट्या शेवटी. म्हणून आमच्याकडे पोरं शेवटच्या पाऱ्यापासून पाठ करायला लागतात. मराठी भाषांतरं मिळतात, जरूर वाचा, पण नमाजमध्ये म्हणायचं ते अरबीतच.

आणि हदीस?

पैगंबरांनी काय सांगितलं, काय केलं त्याच्या नोंदी. त्या ऐकणाऱ्याने ऐकणाऱ्याला सांगत आलेल्या असल्यामुळे प्रत्येक हदीसबरोबर सांगणाऱ्यांची साखळी असते, आणि ती तपासून मजबूत, कमजोर, बनावट असे दर्जे लावतात. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हदीस आहे’ म्हणून काही आलं की आधी विचारायचं, कुठल्या संग्रहातली.

मुसलमान नेमकं काय काय मानतो?

सुन्नी परंपरेत सहा गोष्टी मोजतात: अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्याची पुस्तकं, त्याचे पैगंबर, कयामतचा दिवस आणि तकदीर. पुस्तकांमध्ये तौरात (मूसांवरचं), जबूर (दाऊदांवरचं), इंजील (ईसांवरचं) आणि कुराण. पैगंबरांपैकी २५ जणांची नावं कुराणात आहेत आणि ज्यांची नावं सांगितली नाहीत असेही होऊन गेले असं कुराणच म्हणतं.

कयामत हा माझ्या मते तौहीदनंतरचा दुसरा खांब. सगळे परत उठवले जातील आणि राईएवढं चांगलं आणि राईएवढं वाईट दोन्ही समोर येईल. पुनर्जन्म आम्ही मानत नाही, हा एकच जन्म आणि त्याचाच हिशोब. आणि दुसऱ्याचं पाप कोणी उचलणार नाही, आदमची चूक आदमबरोबर संपली, मूल जन्माला येतं ते निष्पाप.

तकदीरवर लोक विचारतात की सगळं लिहिलेलंच असेल तर माझा काय दोष. आमच्या मौलानांचं उत्तर असं की अल्लाहला आधीच माहीत असणं वेगळं आणि त्याने तुमचा हात धरून करायला लावणं वेगळं. एका हदीसमध्ये एक जण विचारतो की उंट बांधू की अल्लाहवर भरवसा ठेवू, तर उत्तर मिळतं, बांध आणि मग भरवसा ठेव.

येशूला मानता का?

हो, आणि ख्रिश्चन मैत्रिणींना याचं दर वेळी आश्चर्य वाटतं. ईसा हे आमचे मोठे पैगंबर, बापाशिवाय जन्मलेले, चमत्कार करणारे. त्यांच्या आई मरियम यांच्या नावाची अख्खी सूरह आहे आणि कुराणात नावाने उल्लेख झालेली बाई ती एकटीच. फरक कुठे, तर आम्ही ईसांना देवाचा मुलगा मानत नाही. का ते सूरह इख्लासची तिसरी ओळ परत वाचा.

पाच स्तंभ कुठले?

कलमा, नमाज, रोजा, जकात, हज.

कलमा म्हणजे साक्ष: अल्लाहशिवाय कोणी पूज्य नाही आणि मुहम्मद त्याचे पैगंबर आहेत. मनापासून हे मानून म्हटलं की माणूस मुसलमान झाला.

नमाज दिवसातून पाच वेळा, फजर, जोहर, असर, मगरिब, इशा. आधी वजू म्हणजे हात, तोंड, पाय धुणं, मग काबाकडे तोंड करून उभं राहणं, वाकणं आणि कपाळ जमिनीला टेकणं. मशिदीत साहेब आणि शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहतात, पुढची रांग कोणासाठी राखीव नसते, आणि अल्लाहकडे काही मागायला मध्ये कोणी लागत नाही. इमाम फक्त पुढे उभा राहून नमाज पढवतो, तो पुजारी नाही.

रोजा, पूर्ण रमजान महिना पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत. हो, पाणी पण नाही. आजारी, प्रवासी, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई यांना सवलत आहे. पाळीच्या दिवसांत रोजा नसतोच, तेवढे नंतर भरून काढायचे. आणि पोट उपाशी ठेवून तोंडाने शिव्या, चहाड्या चालू असतील तर ते नुसतं उपाशी राहणं झालं.

जकात म्हणजे वर्षभर तुमच्याकडे पडून असलेल्या पैशातून, सोन्यातून अडीच टक्के गरिबाला देणं. ठराविक मर्यादेच्या वर असेल तरच, जुना हिशोब साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. ही भीक किंवा उपकार नाही, तो गरिबाचा हक्क आहे जो तुमच्या कपाटात पडलाय. लॉकरमधले दागिने दर वर्षी मोजायला बसलं की मन आपोआप ताळ्यावर येतं, हे अनुभवाने सांगते.

हज आयुष्यात एकदा, पैसा आणि तब्येत असेल तर. कर्ज काढून जायची सक्ती नाही. पैगंबरांनी स्वतः हिजरतनंतर एकच हज केला, ६३२ मध्ये. हज म्हणजे बराचसा इब्राहिम, हाजरा आणि इस्माईल यांच्या कुटुंबाची आठवण. तान्ह्या इस्माईलला तहान लागली म्हणून हाजरा सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावल्या आणि मग जमजम या झऱ्याचं पाणी फुटलं. आज राजा असो की मजूर, त्या आईच्या पायवाटेवरून सात फेऱ्या मारतो.

काबाकडे तोंड करता, काळ्या दगडाला मुका घेता, मग ती मूर्तिपूजा नाही का?

प्रश्न बरोबर आहे आणि राग मानायचं काही कारण नाही. काबा ही दिशा आहे, सगळ्यांनी एकाच बाजूला उभं राहावं म्हणून. सुरुवातीला मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढायचे, मदिनेला आल्यावर साधारण सोळा-सतरा महिन्यांनी दिशा बदलली. पूजा इमारतीची असती तर अशी बदलली नसती. आत मूर्ती नाही, तसबीर नाही, बराचसा रिकामा आहे. आणि काळ्या दगडाबद्दल खलिफा उमर त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले होते की मला माहीत आहे तू नुसता दगड आहेस, ना फायदा करू शकतोस ना नुकसान, पैगंबरांना मुका घेताना बघितलं नसतं तर मी घेतला नसता.

रमजान दर वर्षी वेगळ्या महिन्यात कसा येतो?

आपल्या पंचांगात चांद्र महिनेच आहेत, पण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास टाकून ते ऋतूंशी जुळवून घेतात, म्हणून दिवाळी कधी उन्हाळ्यात येत नाही. इस्लामी कॅलेंडरमध्ये अधिक मास नाही, कुराणाने तशी भर घालायला मनाई केली. वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मला हे फार न्यायाचं वाटतं, जगात कुठल्याच देशाच्या वाट्याला कायम मोठ्या दिवसांचे रोजे येत नाहीत. माझ्या लहानपणी थंडीत यायचे, नंतर मे महिन्याच्या उकाड्यात पण धरले.

शिया आणि सुन्नी वेगळे का?

पैगंबरांच्या नंतर पुढारी कोण, यावरून. सुन्नींच्या मते लोकांनी निवडलेले अबू बकर योग्य आणि त्यांच्यानंतर उमर, उसमान, अली. शियांच्या मते हा मान आधीपासून अलींचाच होता, ते पैगंबरांचे चुलत भाऊ आणि जावई, आणि त्यांच्या वंशातले इमाम हेच खरे वारस. ६८० मध्ये करबलाला, मुहर्रमच्या दहाव्या दिवशी, अलींचे मुलगे हुसैन यांना तेव्हाचा राज्यकर्ता यझीद याच्या फौजेने घरातल्या माणसांसकट तहानलेलं ठेवून मारलं. त्याचं दुःख सुन्नींना पण आहे, पण शियांच्या धर्माचा तो गाभाच झाला. अल्लाह, कुराण, पैगंबर, कयामत, काबा सगळं एकच. जगातले बहुसंख्य मुसलमान सुन्नी, आणि मुंबईतले बोहरा, खोजा हे शियांमधले.

शरियत म्हणजे कायद्याचं एक पुस्तक का?

असं एक पुस्तक नाही. शब्दाचा मूळ अर्थ पाण्याकडे नेणारी वाट. कुराण आणि हदीस वरून आलिमांनी नियम काढले त्याला फिकह म्हणतात आणि त्यात सुन्नींच्या चार परंपरा आहेत, हनफी, मालिकी, शाफई, हंबली. चौघांनी एकमेकांना बरोबरच मानलंय.

आमच्याकडे याचा रोज अनुभव येतो. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, कारण इस्लाम तिथे अरब व्यापाऱ्यांबरोबर समुद्रातून आला, आणि घाटावरचे बहुतेक हनफी. असरची नमाज आमच्याकडे लवकर होते, हनफींकडे उशिरा. शाफई मतात समुद्रातलं जवळजवळ सगळं हलाल, हनफी मतात फक्त मासा, मग कोळंबी मासा धरायची की नाही यावर त्यांच्या आलिमांमध्ये अजून दोन मतं आहेत. माझं सासर हनफी आहे, त्यामुळे हा विषय आमच्या जेवणात कायम असतो.

जिहाद म्हणजे काय?

अर्थ आहे झटणं, पराकाष्ठा करणं. मक्केत असताना, लढायची परवानगीच नव्हती तेव्हा उतरलेल्या आयतीत पण हा शब्द आहे, तिथे कुराणाच्या जोरावर झटा असं सांगितलंय. लढाईसाठी कुराणात ‘किताल’ हा शब्द पण येतो, आणि सशस्त्र लढाई हा जिहादचा एक अर्थ आहेच, नाही म्हणणं खोटं होईल. पण जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा आणि मर्यादा ओलांडू नका अशी अट कुराणातच आहे, आणि बायका, मुलं, म्हातारे यांना मारायला पैगंबरांनी मनाई केली होती. एका निरपराधाला मारणं म्हणजे सगळ्या माणुसकीला मारणं असं कुराण म्हणतं. तरीही बाजारात बॉम्ब लावून कोणी हा शब्द वापरतो तेव्हा माझ्यासारख्यांच्या मनाला किती लागतं ते कसं सांगू.

बायकांना काय स्थान?

थोडक्यात सांगणं अवघड आहे. सातव्या शतकात बाईला वारसा हक्क मिळाला, स्वतःची मालमत्ता, लग्नात नवऱ्याने द्यायची मेहर जी तिची एकटीची, लग्नाला तिची संमती आणि पटलं नाही तर ‘खुला’ म्हणजे स्वतःहून तलाक मागायचा हक्क. त्या काळात हे मोठंच होतं. पैगंबरांच्या पत्नी आयशा यांच्याकडून दोन हजारांहून जास्त हदीस आल्या आहेत, मोठमोठे पुरुष त्यांच्याकडे शिकायला यायचे. दुसऱ्या बाजूला मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा आहे, आणि चार लग्नांची परवानगी न्यायाच्या अटीवर आहे. वाट्याचं कारण असं सांगतात की घर चालवायची जबाबदारी पुरुषावर असते, बाईची कमाई तिचीच. मला स्वतःला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की जो निम्मा वाटा ठरवून दिलाय तोही बहिणींना देत नाहीत आणि मेहर कागदावरच राहते. एका दमात तीन तलाक सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये रद्द केला, २०१९ मध्ये कायदा पण आला, आणि कुराणात तलाकची जी सावकाश, मुदत देऊन करायची पद्धत आहे ती वाचलेल्या कोणालाही एका दमातला प्रकार पटणार नाही.

दर्ग्याला जाणं इस्लाममध्ये बसतं का?

यावर आमच्या घरात पण एकमत नाही. एक बाजू म्हणते वलींच्या म्हणजे संतांच्या मजारवर, कबरीवर जाऊन दुआ करण्यात वावगं नाही, मागायचं अल्लाहकडेच. दुसरी म्हणते कबरीवर चादर, नवस हे शिर्ककडे जातं. दोन्ही बाजू तौहीदचाच हवाला देतात. कबर बघून मरण आठवावं म्हणून जावं, एवढं दोघांनाही मान्य आहे.

महाराष्ट्रात इस्लाम खिलजीबरोबर आला ना?

अल्लाउद्दीन देवगिरीवर आला १२९६ मध्ये. त्याच्या जवळपास चारशे वर्षं आधी, दहाव्या शतकात, अल-मसूदी हा अरब प्रवासी आपल्या चौलला येऊन गेला, तो त्याला सैमूर म्हणतो, आणि तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असं त्याने लिहून ठेवलं. तेव्हा राज्य राष्ट्रकूटांचं. पुढे श्रीगोंद्याचे शेख महंमद तर मराठी संतपरंपरेतलेच झाले.

७८६, चांद-तारा, हिरवा रंग?

७८६ ही ‘बिस्मिल्लाह’च्या पूर्ण ओळीतल्या अक्षरांच्या आकड्यांची बेरीज, कुराणात नाही. चांद-तारा पैगंबरांच्या काळातला नाही, उस्मानी तुर्कांच्या झेंड्यामुळे पसरला. हिरवा आवडीचा रंग, सक्तीचा नाही.

रोजा असलेल्या माणसासमोर जेवलं तर चालतं का?

चालतं. अगदी आरामात डबा उघडा, दुसरीकडे जाऊन बसायची काही गरज नाही, रोजा आमचा आहे. फक्त ‘एक घोट पी, कोणाला कळणार’ असं प्रेमाने पण म्हणू नका, कारण ज्याला कळायचं त्याला कळतंच. आणि संध्याकाळी मगरिबच्या अजानच्या वेळी घरी आलात तर खजूर आणि पाणी तुमच्या हातात पण देऊ.